उष्णतेचा विलोम प्रश्न : जमिनीच्या पोटांतील तापमानावरून गतकालाचें अनुमान

कांहीं महिन्यांपूर्वीं मंडळाच्या एका सभेंत जुन्या कागदांतील दुष्काळांच्या नोंदींविषयीं चर्चा चालली असतां एका तरुण सभासदानें सहज म्हणून सांगितलें कीं, हिंदुस्थानच्या दक्षिणेकडील जमीन गेल्या सुमारें दीडशें वर्षांत जवळ जवळ एक अंशानें तापली आहे, आणि हें अनुमान कोणत्याहि दप्तरांतील कागदावरून नव्हे, तर जमिनींत पाडलेल्या विंधणविहिरींतील आजच्या तापमानावरून काढलेलें आहे. त्यावर एका वयोवृद्ध संग्राहकांनीं विचारलें, "दीडशें वर्षांपूर्वीं खेडोपाडीं तापमापक घेऊन कोण बसला होता?" प्रश्न मार्मिक होता. सरकारी हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वींच्या नोंदी थोड्या ठिकाणच्या व तुटक. ज्या काळाचा लेख नाहीं त्या काळाची उष्णता आज मोजली असें म्हणणें म्हणजे नसलेल्या पोथीचा पाठ देण्यासारखें आहे, असा त्यांचा आक्षेप. सभेंत कोणासच समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. आमचें शिक्षण संस्कृताचें आणि आयुष्य शाळेंत मुलांस शब्द चालविण्यास शिकविण्यांत गेलेलें. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. तथापि प्रश्न मनांतून जाईना. म्हणून मिळाले ते ग्रंथ चाळून, व एका स्नेह्यांकडून त्यांतील गणित समजावून घेऊन, जें पदरांत पडलें तें येथें मांडीत आहों. त्याचा आपल्या पाठशोधनाच्या कामाशीं असलेला संबंध आम्हांस वाचतां वाचतां दिसून आला. तो नसता तर ह्या त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें धाडस आम्हीं केलें नसतें.

प्रथम सरळ प्रश्न व विलोम प्रश्न ह्यांतील भेद सांगितला पाहिजे. लोखंडाच्या कांबीचें एक टोंक विस्तवांत धरलें. विस्तव किती प्रखर व किती वेळ होता हें ठाऊक आहे. तर दुसरें टोंक अमुक वेळानें किती तापेल? हा सरळ प्रश्न. ह्याचें गणित फ्रेंच पंडित फूरिये ह्यानें बसविलें. १८०७ सालीं त्यानें आपला निबंध पॅरिस येथील विद्वत्संस्थेपुढें ठेवला आणि १८२२ सालीं उष्णतेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या वाचकांस हा गृहस्थ अगदीं परका वाटूं नये. १७९८ सालीं नेपोलियनबरोबर मिसर देशांत गेलेल्या पंडितांत तो होता, आणि त्या देशाच्या प्राचीन अवशेषांचें वर्णन करणाऱ्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेची ऐतिहासिक प्रस्तावना त्याच्याच हातची आहे. जुन्या वस्तूंचा नाद आणि उष्णतेचें गणित हीं एकाच पुरुषाच्या ठायीं नांदलेलीं पाहून आम्हांस मौज वाटली.

आतां प्रश्न उलटा करूं. कांबीचें गार टोंक तेवढें आपल्या हातीं आहे, विस्तव आपण पाहिलेला नाहीं. टोंकाचें तापमान क्षणोक्षणीं मोजून विस्तव केव्हां पेटला, किती भडकला, केव्हां विझला हें सांगा. हा विलोम प्रश्न. विलोम हा शब्द आम्हीं मुद्दामच योजला आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२) विलोमविधि सांगितला आहे: शेवटची राशि दिली असतां गुणाकाराच्या जागीं भागाकार, वर्गाच्या जागीं वर्गमूळ, मिळवणीच्या जागीं वजाबाकी करीत मागें मागें जावें, म्हणजे मूळ राशि हातीं येते. तेथें एक पायरीहि फसत नाहीं. मग उष्णतेच्या प्रश्नांत अडचण ती काय? अडचण ही कीं, येथें पुढें जातांना प्रत्येक पायरीला कांहीं तरी पुसलें जातें. जुन्नरी कागदावरील लेख पाण्यानें भिजला तर प्रथम बारीक अक्षरें एकमेकांत मिसळतात, मग ठळक अक्षरें फुगतात, आणि शेवटीं ओळीच्या जागीं एक करडा पट्टा तेवढा राहतो. शाई कागदावरच आहे, कोठें गेली नाहीं. परंतु अक्षर नाहींसें झालें आहे. उष्णतेचेंहि असेंच. ती नष्ट होत नाहीं, पसरते.

किती पसरते ह्याचा हिशेब सोपा असल्यामुळें आंकड्यांनींच सांगतों. साधारण खडकाची उष्णता पसरविण्याची शक्ति घेतली तर वर्षाचा उन्हाळा-हिवाळा जमिनींत खालीं जातां जातां दर ३.२ मीटरांस सुमारें एकतृतीयांशाहून थोडा अधिक एवढाच उरतो. दहा मीटरांवर त्याचा तेविसावा हिस्सा राहतो, आणि तेथें पोंचण्यास त्यास सहा महिने लागतात. म्हणजे वर वैशाख तापत असतां दहा मीटर खालीं गेल्या हिवाळ्याचा गारवा, अगदीं क्षीण होऊन, येऊन पोंचलेला असतो. खोल विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत गार व थंडींत कोमट लागतें ह्याचें मुख्य कारण तेथील तापमान वर्षभर जवळ जवळ एकसारखें असतें हें होय. पण हा उलटा ऋतुहि तेथें सूक्ष्मरूपानें असतोच. रात्र व दिवस ह्यांचा फरक तर अर्ध्या मीटरावरच तेविसावा हिस्सा होऊन जातो. एडिंबरो येथें फोर्ब्स नांवाच्या अध्यापकानें १८३७ सालीं तीन ठिकाणीं, एक खडकांत, एक वाळूंत व एक दगडाच्या खाणींत, तीन फुटांपासून चोवीस फुटांपर्यंत लांब नळ्यांचे तापमापक पुरून वर्षानुवर्षें नोंदी ठेवविल्या. त्यांवरून पुढें विल्यम टॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, ह्यानें तेथील खडकांची उष्णतावहनशक्ति काढली. लाट किती मंदावली व किती उशिरा पोंचली हें पाहून खडकाचा गुण ठरविणें हाहि विलोम प्रश्नच, पण सुखाचा. कारण तेथें वरची हवा व खालचें तापमान दोन्हीं ठाऊक होतीं.

दुःखाचा प्रकार निराळा. लाट जितकी लांबट तितकी ती खोल जाते. शंभर वर्षांची चढउतार शंभर मीटर खोलीवर तेविसाव्या हिश्शानें जिवंत असते. दहा वर्षांची चढउतार मात्र तेथें सुमारें २२ हजारावा हिस्सा होऊन जाते. आतां त्या खोलीवरील वाचनावरून वरची मूळ लाट काढावयाची तर शतकाच्या लाटेस २३ नें व दशकाच्या लाटेस २२ हजारानें गुणावें लागेल. तापमापक कितीहि उत्तम असला तरी त्यांत शतांश अंशाची चूक धरली पाहिजे. ती चूक २३ नें गुणिली तर पाव अंशाच्या आंत राहते, सोसतां येते. २२ हजारानें गुणिली तर २२० अंश होते! म्हणजे वाचनांतील क्षुल्लक कंपामुळें अमुक दशकांत महाराष्ट्राची जमीन वितळत होती व पुढच्या दशकांत गोठली होती असें उत्तर गणितानें बिनचूक निघावें. गणितांत दोष नाहीं. प्रश्नच असा आहे कीं, त्यांत लहान चूक राक्षसासारखी वाढते. प्रत्यक्षांत एकच खोली न घेता सबंध विवराचें वाचन घेतात हें खरें, परंतु रोग तोच राहतो.

फ्रेंच गणिती आदामार ह्यानें १९०२ सालीं चांगल्या प्रश्नाचीं लक्षणें सांगितलीं तीं तीन: उत्तर असावें, तें एकच असावें, आणि दिलेल्या माहितींत किंचित् फरक झाला तर उत्तरांतहि किंचित् फरक व्हावा. उष्णतेचा विलोम प्रश्न तिसऱ्या लक्षणास नेहमीं व दुसऱ्यास पुष्कळदां मुकतो. अशा प्रश्नांस नीट न मांडलेले प्रश्न म्हणण्याची रूढि पडली व बराच काळ गणिती मंडळी त्यांजकडे पाठ फिरवून होती.

आपल्याकडील न्यायशास्त्रांत ही अडचण फार पूर्वीं ओळखली गेली होती. कार्यावरून कारणाचें जें अनुमान तें शेषवत्, आणि त्याचें वात्स्यायनाचें उदाहरण नदीच्या पुराचें: नदी दुथडी वाहतांना पाहून वरच्या अंगास पाऊस पडला असें म्हणणें. न्यायसूत्रांत ह्यावर पूर्वपक्ष असा येतो कीं, असें अनुमान व्यभिचारी आहे, कारण प्रवाह अडविल्यानेंहि पाणी चढतें. ह्यावरील समाधान आम्हांस नेहमींच मार्मिक वाटत आलें. भाष्यकार म्हणतात त्याचा आशय असा कीं, नुसतें पाणी वाढलेलें पाहून कोणी शहाणा पावसाचें अनुमान करीत नाहीं. प्रवाहाचा वेग, फेंस, वाहून आलेलीं फळें, पानें, लाकडें हीं सर्व मिळून हेतु होतो. धरणानें चढलेल्या पाण्यांत हीं लक्षणें नसतात. म्हणजे कार्य एकच असून कारणें अनेक संभवत असतील तर कार्याचें अधिक बारकाईनें वर्णन करणें हाच उपाय. पुढें विंधणविहिरींच्या प्रकरणांत हें धरण आपणांस पुन्हां भेटणार आहे.

विलोम प्रश्नानें मोठमोठ्यांस कसें फसविलें ह्याचें उदाहरण वर आलेल्या केल्व्हिनचेंच आहे, आणि तें थोडें विस्तारानें सांगण्याजोगें आहे. १८६२ सालीं त्यानें एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें पृथ्वीच्या निवत जाण्याविषयीं निबंध वाचला. खाणींत खालीं उतरतांना दर पन्नास फुटांस सुमारें एक फॅरनहाइट अंश उष्णता वाढते, हें कार्य. पृथ्वी आरंभीं सर्वत्र सारखी, सुमारें ७००० फॅरनहाइट अंश तापलेली, घट्ट गोळ्यासारखी होती व तेव्हांपासून वरून निवत आली, हें गृहीत. एवढ्यावरून तिचें वय ९ कोटि ८० लक्ष वर्षें निघालें. माहितींतील अनिश्चितता धरून त्यानें दोन कोटि ते चाळीस कोटि अशा मर्यादा घातल्या; पुढें १८९७ पर्यंत तो दोन ते चार कोटींवर आला. भूस्तरशास्त्रज्ञांस व डार्विनच्या अनुयायांस हा काळ अपुरा होता, परंतु गणिताच्या दबदब्यापुढें त्यांस नमतें घ्यावें लागलें. आज पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटि वर्षें ठरलें आहे.

चूक कोठें झाली? शाळेंतील पुस्तकांत सांगतात कीं, केल्व्हिनला किरणोत्सर्गी द्रव्यांची उष्णता ठाऊक नव्हती, ती पुढें क्यूरी व लाबोर्द ह्यांनीं १९०३ सालीं दाखविली, त्यामुळें त्याचा हिशेब चुकला. ही गोष्ट खरी असली तरी मुख्य नव्हे. केल्व्हिनचा पूर्वींचा साहाय्यक जॉन पेरी ह्यानें १८९५ सालीं, म्हणजे किरणोत्सर्गाचा शोध लागण्यापूर्वींच, दाखवून दिलें होतें कीं पृथ्वीच्या अंतर्भागांत उष्णता वरच्या कवचापेक्षां अधिक सुलभतेनें फिरत असेल, तेथील द्रव्य हळूहळू वाहत असेल, तर तीच पन्नास फुटांची वाढ दोन-तीन अब्ज वर्षांच्या वयाशींहि जुळते. कार्य एक, कारणें दोन. पेरी म्हणत होता कीं गणित बरोबर आहे, गृहीत तपासा. गुरूंनीं तें मनावर घेतलें नाहीं. अंतर्भाग घट्ट असून त्यांत कांहीं हालत नाहीं हें गृहीत केल्व्हिननें कोठें लपविलें नव्हतें. पण तें इतकें स्वाभाविक वाटत होतें कीं, दोन ते चाळीस कोटींच्या मर्यादा घालतांना त्याच्याच अनिश्चिततेचा हिशेब धरावयाचा राहून गेला.

हें वाचतांना आम्हांस आमच्याच हातून झालेली एक चूक आठवली, ती येथें कबूल करून टाकतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका घराण्याच्या रुमालांत आम्हांस एक मोडी पत्र मिळालें. गांवकऱ्यांनीं वसुलांत सूट मागितली होती. "पर्जन्य" ह्या शब्दापुढें कसरीनें पांच-सहा अक्षरांची जागा खाल्ली होती आणि पुढें पीक बुडाल्याचें लिहिलें होतें. गांव कोरड्या मुलखांतलें. आम्हीं निःशंकपणें "न झाल्यामुळें" हीं अक्षरें घातलीं, कंसहि घातला, आणि त्या सालच्या अवर्षणास एक पुरावा मिळाला असें टिपण लिहिलें. बारा वर्षांनीं त्याच पत्राची नक्कल दुसऱ्या ठिकाणीं सांपडली. तींत अक्षरें होतीं "फार झाल्यामुळें". त्या वर्षीं तेथें अतिवृष्टि झाली होती! जागेंत दोन्हीं पाठ बसत होते. निवड पत्रानें केली नव्हती, आमच्या समजुतीनें केली होती. आणि मग तोच पाठ आम्हीं त्या समजुतीचा पुरावा म्हणून पुढें केला. टिपण मागें घेतांना लाज वाटली, पण त्याहून अधिक वाईट ह्याचें वाटलें कीं मधल्या बारा वर्षांत दोघां लेखकांनीं आमच्यावर विसंबून तें अवर्षण आपल्या लेखांत घेतलें होतें.

मग अशा प्रश्नांस हात लावूंच नये काय? तसें नाहीं. तत्कालीन सोव्हिएत रशियांतील गणिती टिखोनोव ह्यानें १९४३ सालीं व पुढें १९६३ सालीं ह्यांतून वाट काढली. त्याच्या रीतीस आपण नियमन म्हणूं. वाचनाशीं जुळणारीं उत्तरें अगणित आहेत. त्यांपैकीं जें अवास्तव हेलकावे खात नाहीं, जें शक्य तितकें सौम्य आहे, तें निवडावें. सौम्यतेचा आग्रह किती धरावा हें पुढें दुसऱ्या एका रशियन गणित्यानें, मोरोझोवनें, १९६६ सालीं सुचविलेल्या नियमानें ठरवितां येतें: तुमच्या मापनांत जेवढी चूक असण्याचा संभव आहे, तेवढेंच उत्तर मापनाशीं न जुळूं द्यावें. त्याहून अधिक जुळविण्याचा अट्टाहास केला तर तुम्ही सत्य नव्हे, तापमापकाची थरथर वाचीत आहां. पाठशोधकांस ह्यांतील मर्म सांगावयास नको. नकलकाराच्या प्रत्येक हस्तदोषास अर्थ लावूं पाहणारा संपादक आपण सर्वांनीं पाहिलेला आहे.

अमेरिकेंतील मिशिगन येथील अध्यापक बेक ह्यांची रीति आम्हांस विशेष आवडली. १९८५ सालीं त्यांनीं दोघां सहकाऱ्यांसह ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांची युक्ति अशी कीं, एखाद्या क्षणीं विस्तव किती होता हें त्याच क्षणाच्या वाचनावरून ठरवूं नये. उष्णतेस आंत पोंचण्यास वेळ लागतो, म्हणून पुढच्या कांहीं क्षणांचीं वाचनें आधीं पाहावीं व मग मागच्या क्षणाचा निर्णय करावा. मोडी वाचणारा जसा अडलेल्या अक्षरावर हटून न बसतां ओळीच्या शेवटापर्यंत जातो व मग मागें येतो, तसेंच हें.

ह्या रीतींचा उपयोग आज कारखान्यांतून फार होतो. अवकाशांतून परत येणाऱ्या यानाच्या बाहेरील कवचावर, किंवा तोफेच्या नळीच्या आंतल्या अंगास बार उडतांना, तापमापक टिकत नाहीं. म्हणून तो भिंतीच्या जाडींत पुरतात व त्याच्या वाचनावरून पृष्ठभागावर किती उष्णता आदळली तें काढतात. तापविलेलें पोलाद पाण्यांत बुडवितांना तें कसें निवतें हेंहि असेंच काढतात. १९६० सालीं स्टोल्झ ह्याचा निबंध ह्याच प्रकारच्या प्रश्नावर होता. तो विषय आमच्या वाचकांचा नव्हे, म्हणून येथेंच सोडतों.

आतां मूळ प्रश्नाकडे. जमीन हा एक लेख आहे, आणि त्यांत वरची हवा वर्षानुवर्षें लिहीत आली आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या घटनेची खूण आज सुमारें ११० मीटरांच्या आसपास, पांचशें वर्षांपूर्वींची २५० मीटरांच्या, व हजार वर्षांपूर्वींची ३५० मीटरांच्या आसपास शोधावी लागते. ह्याचा विचार करणारे लोक पुष्कळ जुने आहेत. १९३४ सालीं हॉचकिस व इंगरसोल ह्यांनीं मिशिगनमधील कॅल्युमेट येथील तांब्याच्या खाणींतील तापमानावरून तेथील हिमयुगाचा बर्फ वितळून किती काळ लोटला ह्याचा अंदाज बांधला. १९८६ सालीं लॅकनब्रुक व मार्शल ह्यांनीं अलास्काच्या उत्तरेकडील गोठलेल्या भूमींतील तेलविहिरींचें वाचन देऊन दाखविलें कीं, तेथील पृष्ठभाग गेल्या कांहीं दशकांत ते शतकांत दोन ते चार अंशांनीं तापला असला पाहिजे. २००० सालीं हुआंग, पोलॅक व शेन ह्यांनीं निरनिराळ्या खंडांतील ६१६ विवरांचीं वाचनें एकत्र केलीं. त्यांवरून पांच शतकांत एकूण सुमारें एक अंशाची वाढ, व तींतील निम्मी एकट्या विसाव्या शतकांतील, असें निघालें.

सर्वांत रम्य उदाहरण ग्रीनलंडचें आहे. तेथील बर्फांत तीन हजार मीटरांहून खोल पाडलेल्या विवराचें तापमान घेऊन दाल-येन्सन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं उत्तर दिलें. त्यांनीं एकच पाठ शोधला नाहीं. तापमानाचे लक्षावधि कल्पित इतिहास यंत्राकडून रचवून, प्रत्येकापासून आज विवरांत काय दिसलें असतें हें सरळ गणितानें काढून, जे प्रत्यक्ष वाचनाशीं जुळले ते राखले. आणि त्या सर्वांत जें समान तें निश्चित, जेथें ते फांकतात तें अनिश्चित, असें ठरविलें. अशा रीतीनें हिमयुगाच्या कडाक्याच्या काळीं तेथें आजच्यापेक्षां सुमारें २३ अंश अधिक थंडी होती असें निघालें. तोंपर्यंत बर्फांतील प्राणवायूच्या जड अणूंच्या प्रमाणावरून जो अंदाज करीत तो ह्याच्या निम्म्याच्या सुमारास होता. विवरांच्या साक्षीमुळें त्या दुसऱ्या साक्षीचें मापच बदलावें लागलें. एका साक्षीदारानें दुसऱ्याची परीक्षा करावी हें आपल्या शास्त्रांतहि चालतें.

हिंदुस्थानांत हें काम हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह केलें. ७५ विंधणविहिरींच्या वाचनांवरून २००२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, जमिनीचा पृष्ठभाग गेल्या सुमारें दीडशें वर्षांत सरासरीनें सुमारें ०.९ अंश तापला. सभेंतील आमच्या तरुण मित्राचा आंकडा हाच. तो कसा मिळतो हें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल. खोल जातांना तापमान पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेमुळें सरळ रेषेनें वाढत जावें. पण वरच्या शे-दोनशें मीटरांत ती रेषा वांकलेली दिसते, वरचा भाग अपेक्षेपेक्षां ऊन असतो. ह्या वांकावरून इतिहास वाचावयाचा.

परंतु येथेंच न्यायसूत्रांतील धरण आडवें येतें. रेषा वांकण्याची कारणें अनेक. खडक बदलला कीं रेषेचा उतार बदलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथें ६१७ मीटर खोल विवर पाडलें, त्यांत सुमारें ३३८ मीटरांपर्यंत आपला काळा दगड व त्याखालीं थोडा गाळ ओलांडून जुना ग्रॅनाइट लागला. काळा दगड उष्णता कमी वाहून नेतो, म्हणून त्यांतील उतार निराळा व ग्रॅनाइटांतील निराळा असावयाचाच, त्यास हवामान कारण नव्हे. भेगांतून वाहणारें भूजल रेषा वांकवितें. विवर पाडतांना झालेली उष्णता निघून जाण्यास वेळ द्यावा लागतो. आणि सर्वांत फसवें कारण म्हणजे जंगलतोड: झाडी गेली कीं, हवा तीच असतांहि, जमीन उघडी पडून तापते, आणि विवरांत तिची खूण हवा तापल्यासारखीच उमटते. ह्यासाठींच एका विवरावर भिस्त ठेवीत नाहींत. पंचाहत्तर घेतात, ज्यांत पाण्याच्या प्रवाहाचीं लक्षणें दिसतात तीं वगळतात, आणि जवळच्या हवामान-केंद्रांच्या नोंदींशीं ताडून पाहतात. हीं वात्स्यायनाचीं फेंस, पानें व लाकडें.

आतां आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांस उत्तर. तापमापक घेऊन कोणी बसला नव्हता; जमिनीनें स्वतःच नोंद ठेवली, पण ती ओल्या कागदावर ठेवली. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा, म्हणजे १६७४ चा काळ ह्या लेखांत आज सुमारें दोनशें मीटर खोल पसरलेला आहे. त्या शतकाची सरासरी आजच्याहून थंड कीं ऊन, हें अनेक चांगल्या विवरांवरून कांहींशा विश्वासानें सांगतां येईल. त्या वर्षीं रायगडावर ज्येष्ठांत उकाडा किती होता हें कोणत्याहि गणितास विवरांतून कधींच सांगतां येणार नाहीं. तें कोणा कारकुनानें पत्रांत लिहून ठेवलें असेल तरच कळेल. जुन्या घटनेचा लांबीशीं असलेला हा संबंध लक्षांत ठेवावा: घटना जितकी जुनी, तितकी ती लांबलचक असली तरच दिसते.

म्हणूनच ह्या कामांत आपल्या संग्रहांचा उपयोग आहे असें आम्हांस वाटतें. अमुक गांवची झाडी केव्हां तुटली, माळ केव्हां नांगराखालीं आला, तलाव किंवा पाट केव्हां बांधला, ह्याच्या नोंदी जमाबंदीच्या कागदांतून, सनदांतून व वाद-निवाड्यांच्या महजरांतून पुष्कळ असतात. आपण त्या आजवर वंशावळी व वतनें पाहतांना बाजूस सारीत आलों. जेथें विवर पाडलें आहे त्याच्या पांच-दहा कोसांच्या टापूंतील अशी एक तारीखवार नोंद मिळाली तर हवामानाची खूण व जंगलतोडीची खूण वेगळी करण्यास ती दुसऱ्या कशाहून अधिक कामीं पडेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं गांव, तालुका, शक व मजकुराचा गोषवारा मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवावा. यादी करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे, आणि तींत कसरीनें खाल्लेली जागा असेल तेथें ती रिकामीच ठेवण्यांत येईल.